चार पर्याय, बाबांसाठी

बालीगंज, कलकत्ता
भाऊबीजेचा दुसरा दिवस, १९५५

चि. मुकुंद,

तुला आणि सौ. मालतीला माझे खूप आशीर्वाद. काल नेहमीप्रमाणे पाटावर सुपारी ठेवली आणि तुझ्या नावानं ओवाळलं. समोर घोषालांकडे भाईफोंटा होता. त्यांच्या तिघी मुलींनी मिळून एकट्या श्यामसुंदरच्या कपाळाला इतकं चंदन फासलं की तो ऑफिसला जाताना पुसावं की ठेवावं या विचारात जिन्यावरच उभा राहिला. तुझी आठवण झाली. तू ओवाळून घेताना डोळे मिटायचास आणि आई ओरडायची, "अरे, बहिणीकडे बघ!"

मालतीनं पाठवलेली संत्र्यांची करंडी पोचली. तळातली चार-पाच नासली होती, बाकी साखरेसारखी. तिला सांग, साली मी वाळवून ठेवल्या आहेत.

आता माझी बातमी. या वयात मी पुन्हा विद्यार्थिनी झाले आहे. शाळेनं मला शनिवारच्या एका वर्गाला घातलंय. प्रश्नपत्रिका काढायची नवी पद्धत तिथे शिकवतात. प्रश्न लहानसा, खाली चार उत्तरं, त्यांतलं एकच बरोबर. मुलीनं फक्त खूण करायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी नाक मुरडलं. म्हटलं, ही परीक्षा की लॉटरी? बाबांच्या हाताखाली वाढलेल्या माणसाला हे पटणं कठीणच. "रीत लिहा, उत्तर मागाहून" हे वाक्य आपल्या कानांत वरणभाताबरोबर गेलं आहे.

सेनगुप्त नावाचे गृहस्थ शिकवतात. किडकिडीत, धोतराचा सोगा नेहमी सदऱ्याच्या खिशात खोचलेला. पहिल्याच दिवशी म्हणाले, "बरोबर उत्तर लिहायला अक्कल लागत नाही, ते पुस्तकात असतं. चुकीची तीन लिहायला मुलं माहीत असावी लागतात." मग समजावलं, की चुकीचं उत्तर उगाच काहीतरी ठोकून द्यायचं नाही. एखाद्या मुलीनं प्रामाणिकपणे विचार केला आणि वाटेत एका वळणावर चुकली, तर ती जिथे पोचेल ते उत्तर तिथे तयार हवं. म्हणजे तिनं कुठे खूण केली यावरून ती कुठे चुकली ते आपल्याला कळतं.

त्यांनी प्रत्येकाला एक प्रश्न तयार करायला सांगितला, आणि मला काय आठवलं असेल? बाबांची दोरी! दहा फूट दोरीचे दोन-दोन फुटांचे तुकडे करायचे आहेत. दोरी किती वेळा कापावी लागेल? मी खाली लिहिलं: चार, पाच, आठ, वीस. पाच म्हणणारी तुकडे मोजते, कापणं मोजत नाही. आठवाली वजाबाकी करून मोकळी होते. वीसवालीला दोन आकडे दिसले की गुणाकारच सुचतो. सेनगुप्तांनी माझा कागद वर्गात वाचून दाखवला. मी अशी फुगले म्हणून सांगू!

तुझं उत्तर मात्र मी घातलं नाही. आठवतं ना? तू आठ-नऊ वर्षांचा असशील. गॅलरीत बाबांची शिकवणी चालली होती, सगळी बंगाली मुलं माना खाली घालून बसली होती, आणि तू मागून म्हणालास, "दोनदा." बाबा म्हणाले, "चूक." तू उठून स्वयंपाकघरातून सुतळी आणलीस, तिच्या नागमोडी घड्या घातल्यास आणि आईच्या विळीवर दोन्ही टोकांच्या घड्या खचाखच कापल्यास. पाच तुकडे. आई विळीसाठी ओरडतेय, मुलं हसतायत, आणि बाबा ते तुकडे हातात घेऊन बघत उभे. मग त्यांनी खडू उचलला आणि फळ्यावरच्या 'दोरी'च्या आधी लिहिलं, 'सरळ ताणून धरलेल्या'. मुलांना म्हणाले, "प्रश्न मुकुंदानं दुरुस्त केला आहे. उतरवून घ्या."

त्या गॅलरीतली बाकं मी अजून काढलेली नाहीत. संध्याकाळी ट्रामची घंटा वाजली की वाटतं, आता पोरं येतील, "मास्टरमोशाई!" म्हणून खालूनच हाका मारतील, आणि आई म्हणेल, आले गं तुझ्या बाबांचे कौरव.

तर तुझ्याकडे मागणं असं, की लहानपणी गणितात तुझ्या काय काय चुका व्हायच्या त्या आठवतील तेवढ्या लिहून पाठव. थट्टा करत नाही. मला सध्या चुकांची फार गरज आहे.

बाबांचं विचारलंस. बरे आहेत. बोलत नाहीत. फिरायला लेकच्या तळ्याकडे जाणं सध्या बंद आहे, गॅलरीतच बसतात. तुझी संत्री खाल्ली, मी सोलून दिली. पूर्वी तुझं पत्र आलं की पेपराच्या आडून विचारायचे, "नागपूरला थंडी पडली का?" तुझं नाव न घेता तुझी चौकशी करायची ती रीत होती. यंदा काही विचारलं नाही.

हे पत्र सकाळी सुरू केलं होतं. मधे बाबांचं सगळं आटपेपर्यंत दुपार झाली. आता शाळेच्या वह्या बोलावतायत.

मालतीला जप.

तुझी
ताई


बालीगंज
डिसेंबरचा दुसरा रविवार, १९५५

चि. मुकुंद,

तुझं पत्र आलं. चुकांची यादी वाचून हसले. अपूर्णांकाच्या भागाकारात तू कुठला आकडा उलटा करायचास ते तुला अजून आठवतं, म्हणजे कमाल आहे! पण शेवटी जे लिहिलंस ते वाचून हसू मावळलं. "बाबा बोलत नाहीत हे सहा वर्षं ऐकतोय, ताई. पुढच्या पत्रात ते वाक्य घालू नकोस."

नाही घालत. जे आहे ते सांगते. मुकुंद, बाबा तुझ्याशी बोलत नाहीत असं नाही. बाबा कुणाशीच बोलत नाहीत. त्यांची वाचा गेली आहे.

श्रावणात झालं. सकाळचा चहा पीत होते. कप हातातून निसटला आणि ते त्या फुटक्या कपाकडे असे पाहत राहिले की जणू दुसऱ्याच कुणी टाकलाय. मी म्हटलं, "बाबा, भाजलं का?" तर म्हणाले, "म्हणजे." पुन्हा विचारलं, पुन्हा "म्हणजे." उजवा हात, उजवा पाय गेला, आणि सगळ्या बोलण्यातून तेवढा एक शब्द उरला. भूक लागली तरी "म्हणजे," डास चावला तरी "म्हणजे." पायात आता थोडं बळ आलंय. धरून चार पावलं टाकतात. हात तसाच आहे, आणि डाव्या हातात पेन्सिल दिली तर नुसत्या रेघोट्या उमटतात.

तुला का कळवलं नाही, असं विचारशील. पहिला महिना वाटलं, बरं वाटेल, मग लिहीन. पुढे मात्र कारण दुसरं होतं. तू एम. एस्सी.च्या परीक्षेला न बसता नागपूरच्या गिरणीत रंगखात्यात निघून गेलास, त्या दिवशी बाबा तुला म्हणाले होते, "या घरात परत पाऊल ठेवायचं नाही." मी दारात उभी होते, ऐकलंय मी. तो शब्द त्यांनी कधी मागे घेतला नाही. मी कळवलं असतं तर तू मिळेल त्या गाडीनं आला असतास. आणि ज्यांना 'ये' म्हणता येत नाही, 'नको' म्हणता येत नाही, त्यांच्यासमोर तुला आणून उभं करायचं? मला ते त्यांच्या उशाखालून किल्ली काढून घेण्यासारखं वाटलं. बरोबर की चूक, देव जाणे.

शिवाय डॉक्टर लाहिरींनी आशाच सोडायला सांगितली होती. मनुष्य चांगला आहे, बाबांचाच जुना विद्यार्थी. त्यांनी खाटेवर चार वस्तू मांडल्या, पेला, घड्याळ, किल्ली, कंगवा, आणि विचारलं, "मास्टरमोशाई, घड्याळ कुठलं?" बाबांनी पेल्याला हात लावला. "किल्ली?" पुन्हा पेला. 'हो-नाही' विचारलं तर बाबा सगळ्यालाच मान डोलवत होते. "तुमचं नाव दत्तात्रय?" हो. "तुमचं नाव हरिपद?" हो. डॉक्टर मला जिन्यापर्यंत घेऊन गेले आणि डोळे पुसत म्हणाले, "दिदी, समजच उरलेली नाही. लहान मुलासारखं सांभाळा."

मी तसंच सांभाळू लागले. त्यांच्यादेखत घोषालकाकूंशी त्यांच्याबद्दल बोलायची. मोठ्यानं, तुटक बोलायची. "बाबा. भात. खा." आठवलं की लाज वाटते.

पाटीवर शब्द लिहूनही पाहिले होते. पाणी, चहा, झोप, गॅलरी, असे एका ओळीत. ते नेहमी पहिल्यावर नाहीतर दुसऱ्यावर बोट ठेवायचे. चहा दिला की तोंड फिरवायचे. मी पाटी कपाटावर टाकली.

आणि मग ताटाचं कोडं होतं. बाबा चटणी खायचे, कोशिंबीर खायचे, लिंबाची फोडसुद्धा चोखायचे, आणि भाजी-आमटीला शिवायचे नाहीत. भातही अर्धाच. मी रोज वेगळी भाजी करत होते. पडवळ नको, भोपळा नको, बटाटाही नको? म्हटलं, चव गेली असेल.

गेल्या महिन्यात वर्गात आम्ही मुलींचे तपासलेले पेपर घेऊन बसलो होतो. माझ्या आठवीत अणिमा नावाची एक पोर आहे, पूर्व बंगालमधून आलेली. तिनं बरेच प्रश्न न वाचता बरोबर सोडवले होते. कसे, म्हणून विचारलं तर म्हणाली, "दिदिमणी, सगळ्यांत लांब असेल ते बरोबर. तुम्हाला खऱ्या उत्तराची काळजी असते ना, म्हणून तुम्ही ते नीट, लांबलचक लिहिता." मी कपाळाला हात लावला. दुसऱ्या एका बाईंच्या शाळेतली एक मुलगी मात्र प्रत्येक प्रश्नाला पहिल्याच उत्तरावर खूण करून मोकळी झाली होती. बाई म्हणाल्या, "ही ढ आहे, तिला काही समजत नाही." सेनगुप्त म्हणाले, "कदाचित. पण मुलीवर शिक्का मारण्याआधी आपला कागद बघा. तिला बाकीची तीन दिसत होती का?" बाईंनी चौकशी केली. त्या मुलीच्या वाट्याला आलेली प्रत पुसट छापलेली होती. पहिल्या रकान्यापलीकडे वाचताच येत नव्हतं.

मुकुंद, मी तिथेच उठले. पुढचं काही ऐकलं नाही. ट्राममध्ये उभ्यानं आले, जिना चढले आणि बाबांचं जेवायचं ताट तसंच उचलून गरकन फिरवलं. भाजी डावीकडे आली. बाबांनी भाजीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि जेवायला लागले. भोपळ्याची भाजी पार संपवली. त्यांना उजवीकडचं दिसतच नव्हतं रे! ताटाची उजवी बाजू त्यांच्यापुरती नव्हतीच. डॉक्टरांची किल्लीही नव्हती, आणि माझ्या पाटीवरची 'झोप' आणि 'गॅलरी'ही नव्हती. आणि ते सगळ्यालाच मान डोलवणं त्यांच्या त्या एका शब्दासारखंच होतं, आपोआप होणारं, उत्तर नव्हे. मी त्यांच्या शेजारी फरशीवर बसून रडले. ते माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणत होते, "म्हणजे? म्हणजे?"

त्या दिवसापासून मी पाटी उभी धरते, डाव्या बाजूला, आणि उत्तरं एकाखाली एक लिहिते. पण नुसती खात्री माझ्या मनाला पुरेना. लाहिरींनाही पटवायचं होतं. म्हणून मी बाबांसाठी रीतसर पेपर काढला. सेनगुप्तांनी शिकवलेलं सगळं वापरलं. बरोबर उत्तर कधी वर, कधी खाली, चिठ्ठ्या टाकून ठरवलं, म्हणजे माझ्या सवयीचा सुगावा लागू नये. चारही उत्तरं सारख्या लांबीची. आणि चुकीची अशी, की परक्या माणसाला तीही खरी वाटावीत. आईचं माहेर: वाई, मिरज, कराड, सातारा. वीस फूट लांब कुंपणाला दर चार फुटांवर खांब, तर खांब किती: चार, पाच, सहा, ऐंशी. लाहिरींचा शाळेत कच्चा असलेला विषय: भूमिती, बीजगणित, संस्कृत, इतिहास.

लाहिरी खुर्ची ओढून समोर बसले. बाबांनी एकेक प्रश्न सावकाश वाचला. मिरज. सहा. भूमिती. भूमितीवर बोट ठेवलं आणि लाहिरींकडे असं पाहिलं की तो पन्नाशीचा माणूस शाळकरी पोरासारखा लाजला. एकच उत्तर चुकलं असं मला वाटलं, आपण या घरात राहायला आलो तो महिना. मी माघ धरला होता, त्यांनी फाल्गुन दाखवला. संध्याकाळी घोषालकाकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही आलात तेव्हा दोलपौर्णिमा होती, तुझ्या आईच्या लुगड्यावर पोरांनी रंग टाकला होता." फाल्गुनच. चूक माझी.

लाहिरी जाताना बाबांच्या पाया पडले. मला म्हणाले, "दिदी, मी त्यांना नापास केलं होतं."

एक प्रश्न मी लाहिरी गेल्यावर विचारला. 'मुकुंद कुठे असतो?' खाली जबलपूर, रायपूर, नागपूर, जमशेदपूर. वाचता वाचता त्यांचं बोट खाली आलं आणि नागपूरवर थांबलं. मी पाटी बाजूला घ्यायला लागले तरी ते बोट उचलेनात.

एवढंच सांगायचं होतं. आता तू काय लिहिशील याची वाट पाहते आहे.

तुझी
ताई


बालीगंज
संक्रांतीच्या आदल्या दिवशी, १९५६

चि. मुकुंद,

तिळगूळ वेगळ्या पुडक्यात पाठवला आहे. तिळात इथला खजुराचा गूळ घातलाय. आई असती तर नाक मुरडून चार वड्या खाल्ल्या असत्या.

तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं नाही, एकटीनंच वाचलं. चिडशील असं वाटलं होतं. तू चिडला नाहीस, आणि त्यानंच जास्त लागलं. "त्यांना विचार, ताई, मी आलेलं चालेल का. नको म्हणाले तर नको असंच कळव, गोड करून लिहू नकोस." बरं, नाही करत गोड.

पहिल्या दिवशी मी पाटीवर लिहिलं: 'मुकुंद भेटायला येतो म्हणतो.' खाली चार उत्तरं. येऊ नये. इतक्यात नको. त्याचं त्यानं ठरवावं. आणि चौथं: यावं, घर त्याचंच आहे, झालं गेलं सगळं विसरू या. लिहिताना माझ्या लक्षातही आलं नाही. बाबांनी पाटी वाचली, चौथ्या ओळीवर नखानं टकटक केली आणि माझ्याकडे पाहिलं. पेपरात लबाडीनं खुणा करून ठेवणाऱ्या मुलाकडे पाहायचे ना, तसंच. मग डाव्या तळव्यानं पाटी पुसून टाकली. अणिमाला जे कळतं ते बाबांना कळणार नाही?

दुसऱ्या दिवशी चारही ओळी सारख्या केल्या. यावं. येऊ नये. उन्हाळ्यात यावं. आत्ता सांगत नाही. त्यांनी वाचलं. दोनदा वाचलं. पुन्हा तळव्यानं पुसलं. "म्हणजे काय समजायचं मी, बाबा?" म्हटलं. त्यांनी तोंड फिरवलं. माझा धीरच सुटला. वाटलं, हे 'नको'च आहे, फक्त मुलीला दुखवायचं नाही म्हणून पुसून टाकतात. तुला पत्र लिहायला बसले होते, "नको म्हणतात" एवढं लिहिलंही होतं. तो कागद फाडला, कारण ते उत्तर त्यांनी दाखवलेलं नव्हतं. 'येऊ नये' तिथे स्वच्छ अक्षरांत होतं, आणि त्यांनी त्याला बोट लावलं नव्हतं.

चार-पाच दिवस गेले. मी शाळेत जात होते, घोषालकाकू दुपारी त्यांच्याजवळ बसत होत्या. बाबा जेवत होते, पण पाटी पुढे केली की डोळे मिटून घ्यायचे. शनिवारी वर्ग सुटल्यावर मी सेनगुप्तांना थांबवून विचारलं. घरचं सगळं सांगितलं नाही, एवढंच म्हटलं, "हुशार विद्यार्थी आहे, प्रश्न समजतो, आणि तरी चारांतलं एकही घेत नाही. असं का होतं?" ते छत्री उघडता उघडता म्हणाले, "कारण त्याचं उत्तर त्या चारांत नाही, दुसरं काय? तुम्ही तुम्हाला सुचलेली लिहिलीत." आणि ट्राम पकडायला धावले.

मी घरी चालत आले. लेकवरून, बाबांच्या नेहमीच्या वाटेनं. थंडी होती, पाण्यावर धुकं उतरलं होतं. ज्या बाकावर तू बाबांच्या मांडीवर बसून बोटींची मोजदाद करायचास त्या बाकावर टेकले. विचार करत होते, मुकुंदाबाबत बाबांना आणखी काय हवं असू शकेल? यावं, नाहीतर येऊ नये. तिसरं काय असतं? मग मनात आलं, मी प्रत्येक वेळी तुझ्याबद्दलच विचारत होते. तू यावं, तू येऊ नये. यायचं असेल तर तूच, माफी मागायची तर तूच, उंबऱ्याबाहेर थांबायचं तर तूच. बाबांनी स्वतः काय करायचं, ते मी विचारलंच नव्हतं.

घरी येऊन पदरसुद्धा नीट केला नाही. पाटी घेतली. 'मुकुंदाची भेट कशी व्हावी?' खाली लिहिलं: त्यानं यावं. पत्र पाठवावं. आपण जावं. भेट नको.

बाबांनी डोळे उघडले. पाटी वाचली. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. मला खरं वाटेना. पाटी पुसली, क्रम बदलला, 'आपण जावं' सगळ्यांत वर आणलं. बोट वर गेलं. पुन्हा बदललं, सगळ्यांत खाली नेलं. बोट खाली आलं. चौथ्यांदा पुसायला लागले तर त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "म्हणजे!" असं खणखणीत, की गॅलरीतल्या बाकांवरची पोरंसुद्धा गप्प झाली असती.

मी वाद घातला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी वाद घालत होते. म्हटलं, "अहो, हावड्याहून नागपूर म्हणजे रात्र-दिवसाचा प्रवास. तुम्हाला जिना उतरवत नाही. तो तरुण आहे, त्याला रजा आहे, तो तयार आहे. कशाला?" आणि मग ते 'कशाला' मी पाटीवरच लिहिलं. 'आपणच का जायचं?' एक, सूनबाईला पाहायला. दोन, हवापालट म्हणून. तीन, मुकुंदाला त्रास नको म्हणून. चौथा आकडा लिहिला आणि पेन्सिल थांबली.

तिथे काय यायला हवं ते मला ठाऊक होतं, मुकुंद. तुलाही असेल. पण मला ते लिहवेना. बापाच्या तोंडी असा शब्द मुलीनं घालू नये, तोही ज्या बापाला तो स्वतःच्या तोंडानं म्हणता येत नाही त्याच्या. मी आकड्यापुढची जागा तशीच सोडली आणि पाटी त्यांच्यापुढे धरली.

सूनबाईपाशी ते थांबले. अर्धं तोंड हसलं, हल्ली ते तेवढंच हसतं. मला वाटलं, झालं. पण बोट खाली सरकलं. दुसरी ओळ गेली, तिसरी गेली. आणि त्या मोकळ्या जागेवर त्यांनी बोट टेकवलं.

मी म्हटलं, "बाबा, तिथे काही लिहिलेलं नाही."

त्यांनी बोट तसंच ठेवलं. मग दुसऱ्यांदा दाबलं, इतक्या जोरात की नख पांढरं झालं. आणि माझ्याकडे पाहत राहिले, मला कळलं आहे याची खात्री होईपर्यंत.

त्या जागी मी अजूनही काही लिहिलेलं नाही. लिहिणार नाही. ते तुम्हा दोघांमधलं आहे. मी फक्त त्यांना तुझ्यापर्यंत पोचवते.

लाहिरींनी आधी 'अशक्य' म्हटलं, मग स्वतःच रेल्वेत कुणाला तरी सांगून खालच्या बाकांची सोय केली. श्यामसुंदर सोबत येतो आहे, त्याच्या खांद्याचा आधार मोठा आहे. पुढच्या आठवड्यातल्या मेलनं निघतो. नेमका वार तारेनं कळवते. मालतीला सांग, फार काही करू नको. मऊ भात आणि कसलीही भाजी. बाबा सगळं खातात.

काल त्यांची धुतलेली धोतरं ट्रंकेत भरत होते. त्यांनी खुणेनं काळा कोट मागितला. शाळेतून निवृत्त झाल्या दिवशी घातला होता तो. आत्ताच अंगावर घालून गॅलरीत बसलेत. एक बाही रिकामीच लोंबते आहे. गाडीला आठवडा आहे म्हणून सांगितलं, तरी उतरवून देत नाहीत.

बाबांसह निघालेली,
तुझी ताई